ठेच लागल्यावर कळ जरा उशिराच का येते?
अंगठा आपटला हे आधी कळतं आणि खरी कळ मागून येते, कारण दोन्ही निरोप वेगवेगळ्या नसांमधून जातात. नसेत वायरसारखा करंट वाहत नाही हां, पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट कमी असतात, धक्का बसला की पडद्यातली दारं उघडून सोडियम आत घुसतं, आतला भाग क्षणभर प्लस होतो, मग पोटॅशियम बाहेर पडून परत पहिल्यासारखं, हे सगळं एक-दोन मिलिसेकंदात आणि तोवर शेजारची दारं उघडलेली पण असतात. स्पर्शाच्या नसांवर मायलिनचं, म्हणजे एका चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण असतं म्हणून सिग्नल उड्या मारत सेकंदाला ५० मीटरच्या आसपास पळतो. ठणक्याच्या बारीक नसा मात्र उघड्याच, तिथे जेमतेम १ मीटर! त्यात पाय मेंदूपासून सगळ्यात लांब.