देवाच्या मागचं खळं
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

चंद्राला पडतं ते खळं आणि देवाच्या फोटोत डोक्यामागे असतं ते वर्तुळ, दोन्हींना इंग्रजीत ‘हेलो’च का म्हणतात? – वाचक, मंगळवेढा

ज्वारीच्या मुलखातला प्रश्न आहे, तेव्हा उत्तर तुमच्या शेतातच सापडेल. ‘हेलो’चं मूळ ग्रीक ‘हालोस’, आणि त्याचा पहिला अर्थ मळणीचं खळं! मधे तिवड्याचा खांब, भोवती बैलांची पात फिरून फिरून जमिनीवर गोल उमटायचा. तसाच गोल चंद्रसूर्याभोवती दिसला, म्हणून ग्रीकांनी त्यालाही तेच नाव दिलं. मराठीनंही नेमकं हेच केलं. धर्मचित्रांतल्या वर्तुळाला इंग्रजीत हा शब्द मात्र उशिरा, सतराव्या शतकात चिकटला. लॅटिनमध्ये त्याला ‘निंबस’ म्हणत. त्याचा अर्थ ढग.

आभाळातलं खळं उंचावरच्या पातळ ढगांतल्या षट्‌कोनी बर्फकणांमुळे पडतं. त्यांतून प्रकाश साधारण २२ अंशांत वळतो. हात लांब करून वीत ताणा, अंगठा चंद्रावर धरा. खळं करंगळीच्या टोकाच्या आसपास येईल. चंद्राला अगदी चिकटून दिसणारी लहान रंगीत कडी निराळी. ती पाण्याच्या थेंबांमुळे.

प्रभावळ आणि प्रभामंडळ एकच का? – वाचक, विजापूर वेस

बोलताना एकच, मूर्तिकामात नाही. प्रभामंडळ म्हणजे डोक्यामागची चकती. प्रभावळ म्हणजे अख्ख्या मूर्तीमागची कमान: बाजूला दोन खांब, खांबांवर बहुधा मकर म्हणजे मगरीसारखा प्राणी, माथ्यावर कीर्तिमुख म्हणजे दात विचकलेलं उग्र तोंड. घरच्या देव्हाऱ्यातली पितळी प्रभावळ अनेकदा सुटी असते, तिचे पाय बैठकीच्या भोकांत बसतात. चिंचेनं घासल्यावर कीर्तिमुखाच्या दातांत आणि त्या भोकांत आंबट अंश राहतो, तिथंच हिरवा थर चढतो. म्हणून प्रभावळ काढून धुवा, जुन्या मऊ ब्रशनं खाचा साफ करा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

बुद्धमूर्तीमागेही वर्तुळ, येशूच्या चित्रातही. कोणी कोणाचं घेतलं? – वाचक, जुळे सोलापूर

बुद्धाचं ख्रिस्तापेक्षा आधीचं आहे, पण ‘घेतलं’ म्हणण्याइतकं सरळ हे प्रकरण नाही. ग्रीक सूर्यदेवाच्या डोक्याभोवती किरण त्याहूनही आधीपासून होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर बुद्ध उभा आहे, डोक्यामागे वलय आहे आणि शेजारी ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ लिहिलंय. गांधारची चकती बहुधा साधी, सपाट. मथुरेकडे तिच्या काठाला अर्धगोल नखांची नक्षी आली, तिला हस्तिनख म्हणतात. गुप्तकाळात त्याच चकतीवर कमळ आणि वेलींचे पट्टे इतके भरले, की नजर चेहऱ्यावरून घसरून तिकडेच जावी.

ख्रिस्ती चित्रांत हे वलय चौथ्या शतकात ख्रिस्ताला मिळालं. देवदूत आणि संतांच्या मागे ते नंतर आलं. ख्रिस्ताचं ओळखायची खूण म्हणजे वर्तुळात क्रूस.

मात्र हे वलय फक्त पुण्यवंतांचं, असं समजू नका. रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमधल्या पाचव्या शतकातल्या मोझेकमध्ये ते हेरोद राजाच्या मागे आहे. तान्ह्या बाळांच्या कत्तलीचा हुकूम देणारा तोच हा हेरोद. इटलीतल्याच राव्हेन्नात सम्राट जस्टिनियन आणि राणी थिओडोरा यांनाही आहे. कारण ती खूण राजतेजाचीही होती. रोमच्याच सांता प्रासेदे चर्चमध्ये नवव्या शतकातल्या पोप पास्कलच्या मागे चक्क चौकोन आहे. चौकोन म्हणजे चित्र काढलं तेव्हा माणूस जिवंत होता.

आपल्याकडे १५८० मध्ये जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारात आले, त्यांच्याबरोबर युरोपी चित्रं आली. मग जहांगीरच्या डोक्यामागे झळझळीत वलय दिसू लागलं आणि तिथून ते राजपूत राजांकडे गेलं. म्हणजे देवाकडून राजाकडे अशी ही वारी एकदा नव्हे, अनेकदा झाली.

देवळासाठी हातानं चित्र करतोय. वर्तुळ थाळीसारखं चिकटवल्यागत दिसतं आणि सोनेरी रंग सहा महिन्यांत काळा पडतो. – वाचक, साखर पेठ

थाळी दिसते ती केंद्र चुकल्यामुळे. हनुवटीवर किंवा गळ्यावर केंद्र धरलं, की वर्तुळ कॉलर होतं. बायझंटाइन चित्रकारांची रीत वापरा: कंपासचं टोक नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मधे. नाकाच्या लांबीएवढ्या त्रिज्येत कपाळ आणि गाल, दुप्पट त्रिज्येत केस-हनुवटीसकट डोकं, तिप्पट त्रिज्येत वलय. नाक २ इंच असेल तर वलय १२ इंच रुंद येईल.

काळं पडतं कारण बाजारातली सोनेरी पावडर आणि स्वस्त सोनेरी वर्ख बहुधा पितळी असतात. हवेनं आणि हाताच्या घामानं त्यातलं तांबं काळवंडतं. खऱ्या सोन्याच्या वर्खाला हा त्रास नाही. पितळी वर्खच वापरायचा, तर वरून पारदर्शक वॉर्निश हवंच.

वलय आधी, चेहरा नंतर. नाहीतर ओलसर केसांवर वर्ख चिकटतो. जागेवर गेरू रंगाच्या इनॅमलचे दोन हात द्या, वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासा. मग गोल्ड साइज, म्हणजे वर्ख चिकटवायचा चिकट थर, अगदी पातळ ओढा. बोटाचं पेर टेकवून पाहा: पेर किंचित ओढलं जावं, पण त्याला काही लागू नये. ओली असताना वर्ख ठेवला तर तो बुडून निस्तेज होतो. फार सुकली तर भोकं पडतात. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात ही योग्य वेळ पटकन निघून जाते. पहाटे बसा, आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर वर्ख शेजाऱ्याच्या घरी! पानं २-३ मिलिमीटर एकमेकांवर चढवा, कापसानं दाबा, घासू नका. सुटा कचरा दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशनं झाडा.

वॉल हँगिंगवर वर्तुळ नेहमी अंड्यासारखं येतं. – जॅकार्ड विणकर, सोलापूर

ग्राफ चौरस घेतला असेल. समजा इंचाला ताण्याचे म्हणजे उभे ६० धागे आणि बाण्याच्या म्हणजे आडव्या धाग्याच्या ४० पिका आहेत. ६ इंचांच्या वलयाला रुंदीत ३६० धागे लागतील, उंचीत २४० पिका. चौरस चौकटींच्या कागदावर म्हणूनच मुद्दाम आडवं लंबवर्तुळ काढावं लागतं, तेच कापडावर गोल उतरतं. किंवा ६०:४० प्रमाणाचा ग्राफ घ्या, त्यावर सरळ कंपास फिरवा. शिवाय कापड मागावरून उतरलं की ताण सुटतो आणि ते लांबीत आटतं. आधी हातभर नमुना विणा, उतरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. उभा व्यास जितका कमी भरेल, त्या प्रमाणात ग्राफवर पिका वाढवा.