नदीकाठाची आखणी : लँडस्केप की अर्बन डिझाइन?

प्रश्न : मी कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. मला इमारतींपेक्षा त्यांच्यामधल्या सार्वजनिक जागांमध्ये, विशेषतः नदीकाठ आणि जुन्या बंदरांच्या पुनर्विकासात रस आहे. घरचे विचारतात, ‘बागा करायला एवढं शिकलीस का?’ पुढे लँडस्केप (मोकळ्या जागांची रचना) घ्यावे की अर्बन डिझाइन (शहराच्या भागांची रचना)? सोबत पंचगंगा घाटाची तीन रेखाटने पाठवत आहे.

उत्तर : घरच्यांची शंका रास्त आहे, कारण या कामाचा डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे झाडे, बाके आणि फरसबंदी एवढाच असतो. खरे काम त्याच्या कितीतरी आधी, पाणी कुठवर येऊ द्यायचे हे ठरवताना झालेले असते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेले की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे ज्या घरात पावसाळाभर बोलले जातात, तिथे ही गोष्ट पटवून द्यायला वेळ लागणार नाही. तुमचा घाट पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि गाळ धुऊन काढला की पुन्हा वापरात येतो, कारण तो बुडणार हे धरूनच बांधलेला आहे.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात एल्बे नदीकाठच्या जुन्या बंदराच्या सुमारे 157 हेक्टर जागेवर वसत असलेल्या हाफेनसिटीमध्ये हाच विचार मोठ्या प्रमाणावर केलेला दिसतो. समुद्र बराच दूर असूनही भरती या शहरापर्यंत पोहोचते आणि वादळात पाणी फार चढते. तरीही सगळ्या भागाला भिंतीने वेढण्याऐवजी इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे 8 ते 9 मीटर उंचीच्या भरावावर घेतल्या आणि धक्क्यालगतची फिरण्याची वाट साधारण साडेचार ते साडेपाच मीटरवरच ठेवली, त्यामुळे मोठ्या वादळात वाट बुडते आणि घरे कोरडी राहतात. तिथला मॅगेलन टेरेसेस हा चौक पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याकडे उतरतो, आणि खालचे तरंगते धक्के भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतात.

अहमदाबादला साबरमतीवर वेगळा मार्ग निवडला गेला : दोन्ही तीरांना उंच भिंती, पात्राची रुंदी सर्वत्र 263 मीटर आणि पात्रात नर्मदा कालव्याचे पाणी. शहराला चालायला लांबलचक काठ मिळाला, हे मान्य करायला हवे, पण त्यासाठी काठावरच्या झोपडपट्ट्यांतील हजारो कुटुंबांना उठावे लागले. तिथे दोन दिवस राहून या, आणि काठावर आज कोण बसते याबरोबरच पूर्वी तिथे कोण राहत होते, हेही विचारा. विद्यार्थ्यांच्या सादरीकरणांत काठावर संध्याकाळी फिरणारी माणसे असतात, धुणे धुणारी बाई मात्र कुणी काढत नाही, याचे मला फार वाईट वाटते. तुम्ही ती काढली आहे.

आता मुख्य प्रश्न. इमारतींची उंची, रस्त्यांचे जाळे, जमिनीची मालकी आणि विकास नियमावली यांत मन रमत असेल, तर अर्बन डिझाइन घ्यावे. माती, उतार, निचरा आणि पुरात तग धरणारी झाडे यांत रमत असेल, तर लँडस्केप. तुमच्या तिन्ही रेखाटनांत मागची घरे पुसट आहेत, पण प्रत्येक पायरीची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिलेली आहे. म्हणून मी लँडस्केप सुचवेन.

दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ येथे दोन्ही विषय आहेत. पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयात लँडस्केप शिकता येते. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ हा पेपर जरूर द्यावा. पदवी मिळताच काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करावी, कारण ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला 1972 च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि पुढे कोणतीही शाखा घेतली तरी ती उपयोगी पडते. सुरुवातीचा पगार बेताचाच असेल, हे घरी आधीच सांगून ठेवावे.

पाचव्या वर्षाच्या प्रबंधाला घाटच घ्या. यंदा पाणी उतरल्यावर गाळाची रेघ कितव्या पायरीवर राहिली ते टेपने मोजून घाटाच्या छेदावर, म्हणजे उभा काप दाखवणाऱ्या रेखाटनावर, मांडा, जलसंपदा विभागाच्या नकाशावरील निळी पूररेषा, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि 100 वर्षांतून एकदाची लाल पूररेषा त्याच छेदावर काढा. पोर्टफोलिओचे पहिले पान हाच छेद असू द्या.