दिवा कुठाय, ते आधी सांग

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चाळीसही फोटो दोनदा पाहिले. गणपतीतला ऑर्केस्ट्रा, गायिकेचा चेहरा जांभळा, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. खाली तुझे तीन प्रश्न: कर्ज काढून फुल फ्रेम बॉडी, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेऊ, पुण्यात कोर्स लावू, का सरळ मुंबईची वाट धरू? त्याआधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. त्या बाईच्या तोंडावर उजेड कुठून येत होता?

शटर, आयएसओ, लेन्स सगळं तू लिहिलंस. दिवा कुठाय, ते एकाही फोटोखाली नाही.

जांभळा चेहरा कॅमेऱ्याच्या किमतीमुळे आलेला नाही. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पाटीवर, दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. मंचावरच्या एलईडी दिव्याचा (त्याला पार म्हणतात) नुसता निळा उजेड तोंडावर पडला की पाऊण सेन्सर जवळपास आंधळा होतो. चेहऱ्याचे बारकावे जातात, फोकस चुकल्यासारखा वाटतो, निळ्या रंगाची नोंद अति उजेडाने केव्हाच जळालेली असते. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, मात्र सगळं ठीक दाखवतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लाव आणि अशा उजेडात एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजेड घे. तरी नाही सुधारलं तर फोटो कृष्णधवल कर. पण खरा उपाय थांबण्याचा आहे. ऑर्केस्ट्राचे पार बहुतेक वेळा ऑटोवर सोडलेले असतात आणि रंगांचा क्रम फिरून फिरून तोच येतो. पहिली दोन गाणी कॅमेरा मांडीवर ठेवून मोज. पांढरा किंवा अंबर तोंडावर कितव्या सेकंदाला येतो, किती टिकतो? तेवढ्याच वेळात फोटो काढायचा.

डोळ्यांचे खड्डे वेगळ्या कारणाने पडले. दिवे ट्रसवर, म्हणजे वरच्या लोखंडी सांगाड्यावर, जवळजवळ डोक्यावरच होते, त्यामुळे भुवयांची सावली डोळ्यांत उतरली. वरचा स्वर लावताना गायिका हनुवटी उचलते, तेव्हा उजेड डोळ्यांत शिरतो. माइक उजव्या हातात असेल तर तू तिच्या डाव्या बाजूला उभा राहा, नाहीतर माइक आणि मूठ अर्धं तोंड खातात.

आणि त्या आडव्या काळ्या पट्ट्या. भाड्याचे स्वस्त एलईडी सेकंदाला असंख्य वेळा विझतात आणि लागतात. सायलेंट शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो, म्हणून पट्ट्या उमटतात. मेकॅनिकल शटर वापर, सेकंदाच्या १/१०० किंवा १/१२५ वर ये, तरी राहिल्या तर आणखी खाली. ट्यूबलाइटचा उजेड आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो, तिथे १/५० आणि १/१०० बरे. शास्त्रीय बैठकीत सायलेंट शटर लागतोच, म्हणून साउंड चेकला जाऊन पट्ट्या येतात का ते आधी तपास. साउंड चेक चुकवणाऱ्याने रात्री कॅमेरा नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वेळी लाइटवाल्याजवळ जा, दादा म्हण, चहा पाज आणि विचार: फ्रंट, म्हणजे समोरचा दिवा कुठाय, उजेड वॉर्म (पिवळसर) का कूल (निळसर), मध्ये रंग किती टाकणार? एवढ्या विचारपुशीने रात्रीचं अर्धं काम होतं.

आता कोर्सचं. तुझ्या गावात सप्ताह बसतो ना? मग उगं पुण्याचं भाडं कामून भरतोस? सात रात्री तोच मंडप, तेच हॅलोजन, तीच जागा, आणि रोज नवे कीर्तनकार. दिवा बदलत नाही, चेहरा बदलतो. शिकायला याहून चांगली सोय कुठल्याही स्टुडिओत नाही. पहिल्या रात्री कॅमेरा नेऊ नकोस. मंडपाचा नकाशा काढ: दिवे किती, किती उंचीवर, मृदंगवाला कुठे, टाळकऱ्यांच्या रांगेवर उजेड पोचतो का. दुसऱ्या रात्री एकाच जागेवरून काढ, तिसऱ्या रात्री समोरच्या बाजूने. जनरेटरवर व्होल्टेज पडलं की हॅलोजन मंद होतो आणि पिवळाही. म्हणून ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं, बंद; उजेडाच्या रंगाचं माप ३२०० केल्विन कायम. कीर्तनकार आणि श्रोते यांच्यामधून आडवं जायचं नाही. गजराला सगळे उभे राहतात, तेव्हा जागा बदलून घे.

घरी एक मडकं, ९ वॉटचा बल्ब आणि थर्माकोलचा तुकडा एवढंच घे. मडक्याभोवती आठ दिशा, प्रत्येक दिशेला तीन उंची, म्हणजे चोवीस फोटो. आयएसओ १६००, लेन्सचं छिद्र एफ/२.८, शटर १/५० पासून सुरू कर. मग बल्ब एका मीटरवरून दोन मीटरवर ने. उजेड निम्मा नाही, चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप. हे हाताला कळलं की मंचावर गायक दोन पावलं मागे सरकला तर तुझं बोट आपोआप डायल फिरवेल.

मग प्रवास कर, जरूर कर, पण नकाशा उजेडाचा असू दे. अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह, नांदेडला संगीत शंकर दरबार, इथे बैठकीचा स्थिर उजेड मिळतो. गायकाच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला बहुधा हार्मोनियम. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गायक तबल्याकडे वळतो, म्हणून तू प्रेक्षकांतून डावीकडे बस. विलंबित एकतालाचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिट, कधी त्याहून लांब चालतं. मुखडा, म्हणजे समेवर आणणारी बंदिशीची ओळ, सुरू झाला की कॅमेरा डोळ्याला लाव, तोवर नाही. गायकाला १/२००, तबल्याच्या बोटांना १/५००. चेहरा उजळ आणि मागे सगळा अंधार असेल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, अंधाराला राखाडी करायला बघतो आणि चेहरा जाळतो. मॅन्युअल ठेव आणि मोजमाप गालावरून घे.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी बघ. गिरकीला १/५०० शिवाय गत्यंतर नाही. तुळजापूरच्या बाजूला गोंधळ लागला तर संबळाजवळ नको, दिवटीच्या आडव्या बाजूला बस. ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, तो तांबूसच राहू दे. तेल घातलं की ज्योत उसळते, त्या क्षणासाठी फोकस आधी धरून ठेव. १/६०, एफ/१.८, आयएसओ ६४००. पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव १९५३ पासून चालू आहे, तिथेही जा, पण या सगळ्यांनंतर. दिवा कुठाय हे न बघता तिथे गेलास तर मोठ्या माणसांचे वाईट फोटो घेऊन परत येशील.

कर्ज काढू नकोस. जुनी ८५ एमएम एफ/१.८ घे. तुझ्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा ती जवळपास दहापट उजेड आत घेते. बॉडी आहे तीच पुरे.

फ्लॅशबद्दल तू विचारलंस. नाही. माइक चेहऱ्याहून जवळ असतो, तो पांढराफेक होतो. कॅमेऱ्याच्याच दिशेने आलेला उजेड चेहऱ्याचा उठाव पुसतो, आणि डोळे मिटून गाणाऱ्याची समाधी मोडते. लोक मला हट्टी म्हणतात. या हट्टापायी कामं गेली, त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते त्याआधीच्या वर्षांचं. फ्लॅशने सपाट केलेले ते चेहरे आता उघडून बघवत नाहीत. त्यातली काही माणसं आता नाहीत. फोटो आहेत, पण त्या रात्रींचा उजेड त्यांत नाही, आणि तो मला परत आणता येत नाही. म्हणून तुझ्यावर ओरडतो, राग मानू नकोस.

सप्ताह उठला की कॅमेऱ्याच्या सहा रात्रींतून सहा फोटो आणि मडक्याचे चोवीस पाठव. एडिट करायचं नाही, क्रॉप नाही. प्रत्येकाखाली एकच ओळ हवी: दिवा कुठे होता, किती उंच, किती लांब.

तुझा,
काका