माजी शेरीफ न्याय मिळवायला निघतो, असा कमी बजेटचा एखादा चांगला वेस्टर्न (काउबॉय) चित्रपट सुचवाल का?

डोळे झाकून ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’ (1956) बघा. दिग्दर्शक बड बेटिकर, लांबी जेमतेम सव्वा तास. रँडॉल्फ स्कॉट हा माजी शेरीफ. शेरीफपदाची निवडणूक हरल्यावर हाताखालची नोकरी पत्करणं त्याला कमीपणाचं वाटतं, म्हणून बायको वेल्स फार्गो या मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत कामाला लागते आणि तिथल्या दरोड्यात मारली जाते. त्यामुळे सात दरोडेखोरांमागे लागलेला हा माणूस खरं तर स्वतःवरच जास्त चिडलेला आहे. सूडकथांमध्ये हे फार क्वचित सापडतं.

पहिलाच प्रसंग बघा. पावसाळी रात्र, आडोशाला शेकोटीपाशी दोघं बसलेत, हा येऊन कॉफी मागतो. चार तुटक वाक्यं, मग नुसते गोळ्यांचे आवाज. पडद्यावर मारामारी नाहीच! पैसा नसला की असं डोकं चालतं. चित्रीकरणही कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या खडकाळ माळावर उरकलंय.

ली मार्विनचा खलनायक तर नायकापेक्षा भाव खाऊन जातो. गाणी मात्र सहन करावी लागतील.