वाचक विचारतात : एका वायरीचा मोठा मॉनिटर घ्यावा का?

मागच्या अंकात डॉक असलेल्या मॉनिटरचा ओझरता उल्लेख झाला होता, म्हणजे ज्याला लॅपटॉपची एकच टाइप-सी वायर लावली की चित्र, चार्जिंग, लॅन, कीबोर्ड-माऊस सगळं त्यावरच चालतं तो मॉनिटर. त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळी दुसरा विषयच घेतला नाही. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचा हुबेहूब छापला नाही त्यांनी रागावू नका.

मी पुण्यातल्या कंपनीत आहे, बरंचसं काम घरूनच असतं पण मधूनमधून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून ऑफिसला जावं लागतं. दर वेळी लॅपटॉपच्या पाच वायरी काढा, आल्यावर परत लावा, वैताग आलाय. डॉकवाला मॉनिटर घेऊ का साधा मॉनिटर आणि वेगळा डॉक?
– एक वाचक, जुळे सोलापूर

तुमच्यासारख्यांसाठीच ही वस्तू आहे हो. लॅपटॉप जागचा हलतच नसेल तर पाच वायरी एकदा लावल्या की विषय संपला, पण जो माणूस लॅपटॉप उचलून पळतो त्याला एका वायरीचं सुख कळतं.

आता वेगळा डॉक, म्हणजे सगळ्या वायरी लावायचा सुटा डबा, घ्यायचा का, तर माझं मत सरळ आहे. घरात चांगला मॉनिटर आधीच असेल तर वेगळा डॉक घ्या, आहे तो मॉनिटर कशाला काढता. नवीनच घ्यायचा असेल तर डॉक आत असलेला घ्या, कारण वेगळ्या डॉकला बहुतेक वेळा स्वतःचा विटेएवढा अडॅप्टर असतो, त्याला आणखी एक सॉकेट लागतं आणि टेबलाखाली परत वायरींचं जंजाळ तयार होतंच. एक तोटा मात्र लक्षात ठेवा, वेगळा डॉक बिघडला तर तेवढाच बदलता येतो, मॉनिटरच्या आतला डॉक म्हणजे हब गेला तर अख्खा मॉनिटर सर्व्हिसला. म्हणून वॉरंटीत माणूस घरी येतो की आपण उचलून न्यायचं, आणि न्यायचं तर सोलापुरातच की पुण्याला, हे बिल करायच्या आधी विचारा. २७ इंचाचा खोका रिक्षातून नेताना काय हाल होतात ते नेणाऱ्यालाच माहीत.

घ्यायच्या आधी एक काम करा, लॅपटॉपचा अडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुटच्या पुढे २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असं काहीतरी असेल, दोन्हींचा गुणाकार केला की ६५ वॅट. मग मॉनिटरच्या माहितीत टाइप-सीच्या पुढे 'पॉवर डिलिव्हरी' किती वॅट लिहिलंय ते बघा. ६५ किंवा ९० असेल तर ऑफिसच्या साध्या लॅपटॉपला भरपूर झालं. काही स्वस्त मॉडेलवर मोठ्या अक्षरात टाइप-सी लिहितात आणि आत बघाल तर १५ वॅट, त्यावर फोन चार्ज होईल, लॅपटॉप नाही. आणि गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी, ज्यांचा अडॅप्टरच १८०-२३० वॅटचा आहे, त्यांनी एका वायरीचा नाद सोडावा, चित्र येईल पण जड काम सुरू केलं की प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरत जाईल, अडॅप्टर वेगळा लावावाच लागेल.

नवा मॉनिटर आणलाय, टाइप-सी लावली की लॅपटॉप चार्ज होतोय पण डिस्प्लेच येईना झालाय. मॉनिटरवाला म्हणतो लॅपटॉप खराब, लॅपटॉपवाला म्हणतो मॉनिटर खराब. काय करावं ओ?
– एक वाचक, विजापूर रोड

बहुतेक दोघंही खोटं बोलतायत आणि तुमच्या दोन्ही वस्तू ठणठणीत आहेत.

पहिलं म्हणजे वायर बघा. खोक्यातली वायर छोटी पडली म्हणून फोनच्या चार्जरची लावलीत का? फोनसोबत येणारी टाइप-सी वायर बहुतेक वेळा चार्जिंगपुरती आणि सावकाश डेटापुरती असते, चित्र वाहून नेणाऱ्या तारा तिच्यात नसतातच. दोन्ही टोकं अगदी सारखी दिसतात, बाहेरून काही कळत नाही, त्यामुळे हा घोळ घरोघरी होतो. मॉनिटरच्या खोक्यातली वायरच लावा, ती हरवली असेल तर विकत घेताना व्हिडिओ चालतो असं स्पष्ट लिहिलेली घ्या, आणि लांबीचा मोह नको, मीटरभर पुरे.

वायर बरोबर असेल तर मग लॅपटॉपच्या पोर्टकडे या, आणि इथेच खरी गंमत आहे. टाइप-सी हे नुसत्या भोकाच्या आकाराचं नाव आहे. त्या भोकातून चित्र बाहेर येण्यासाठी लॅपटॉपमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय असावी लागते आणि ती द्यायची की नाही हे लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर. पोर्टच्या शेजारी कोरलेलं चिन्ह बघा, मोबाइलचा टॉर्च लावून बघा कारण ते फार बारीक असतं. इंग्रजी डी आणि पी एकत्र गुंफल्यासारखं चिन्ह असेल तर चित्र येतं. बाणासारखी वीज असेल तर थंडरबोल्ट नावाचं वेगवान पोर्ट, मग चित्र आणि डेटाचा प्रश्नच नाही, चार्जिंगही बहुतेक वेळा होतं. त्रिशूळासारखं यूएसबीचं एकटं चिन्ह असेल तर बहुधा फक्त डेटा. काही कंपन्या चिन्हच कोरत नाहीत, मग मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर माहिती वाचावी लागते. लॅपटॉपला दोन टाइप-सी असतील तर दोन्हींत लावून बघा, एकात सगळं आणि दुसऱ्यात निम्मंच असंही असतं.

पोर्टमध्ये सोयच नसेल तर ती नंतर टाकता येत नाही, ड्रायव्हर अपडेट करूनही नाही. तुमचं चार्जिंग तरी होतंय, तर टाइप-सी चार्जिंगला आणि हबला ठेवा आणि चित्रासाठी एचडीएमआयची वायर वेगळी लावा. एकाच्या दोन वायरी झाल्या, पण चालतंय की. फक्त ४के (आडवे ३८४० पिक्सेलचा) मॉनिटर असेल आणि लॅपटॉपचं एचडीएमआय जुन्या १.४ चं असेल तर ४के ला ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं मिळतील, माऊस हलवला की अडखळल्यासारखा वाटतो, डोकं उठतं. तेव्हा रिझोल्युशन खाली आणून ६० हर्ट्झ ठेवा, त्यापेक्षा बरं.

आणि ज्यांनी अजून घेतला नाही त्यांना सांगणं, दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा आणि लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे, मी डिझाइन करतो. सध्या २४ इंची साध्या मॉनिटरवर काम करालोय, सारखं डावी-उजवीकडे सरकवावं लागतंय. ३२ इंची ४के घेतला तर फरक पडेल का, का नुसतंच मोठं दिसेल?
– एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

फरक पडेल, आणि तुमच्या धंद्यात तो बोटावर मोजून दाखवता येतो. जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, डिझाइनमध्ये ग्राफची एक उभी रेघ म्हणजे एक हुक, ताण्याचे धागे उचलणारा आकडा. तुमचा जॅकार्ड २६८८ हुकांचा आहे असं धरू. तुमच्या आताच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे पिक्सेल १९२०, म्हणजे एका हुकाला एक पिक्सेल दिला तरी पूर्ण पन्हा मावत नाही, म्हणून सरकवासरकवी. मधला पर्याय म्हणून लोक २५६० चा घेतात, त्यातही थोडक्यात हुकतं. ४के ला आडवे ३८४०, अख्खा पन्हा एका नजरेत मावून बाजूला टूलबार आणि रंगांच्या पट्टीला जागा उरते. बॉर्डर दोन्ही काठांना सारखी बसली का, मधला बुट्टा खरंच मधोमध आहे का, हे न सरकवता दिसणं ही मोठी गोष्ट आहे. उभ्या बाजूला मात्र २१६० च, तेव्हा लांबीत सरकवणं पूर्ण सुटणार नाही.

पण इंच मोजून घ्या. ४के २७ इंचातही मिळतो, तिथे एक पिक्सेल साधारण ०.१६ मिलिमीटरचा येतो, ३२ इंचात ०.१८ चा. दिवसभर एकेक चौकट भरणाऱ्या माणसाला ३२ च बरा. डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर त्याची बटणं ४के वर मुंगीएवढी दिसू शकतात, तेव्हा आधी कुणाच्या तरी ४के स्क्रीनवर चालवून बघा.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचं ठरलेलं माप) ९९ टक्के वगैरे लिहिलेला आयपीएस पॅनेल घ्या, कोनातून बघितल्यावर रंग फिरत नाही, पण गिऱ्हाइकाला स्क्रीनवर रंग दाखवून ऑर्डर पक्की करू नका. रंगवलेल्या सुताचा रंग आणि उजेड फेकणाऱ्या काचेचा रंग कधीच जुळत नाही, तिथे शेड कार्डच लागतं. आणि मॉनिटर लूमच्या हॉलमध्ये ठेवू नका, मागच्या जाळीत सुताचे तंतू जाऊन बसतात, आतली गरम हवा बाहेर पडत नाही. ऑफिसच्या खोलीत दार लावून ठेवा.

लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो पण मॉनिटर बंद पडतो, आणि परवा त्याला लावलेल्या हार्ड डिस्कमध्ये फाइली कॉपी होत असताना लाइट गेली तर ती डिस्क फॉरमॅट करा म्हणालीय. घरी इन्व्हर्टर असून असं का?
– एक वाचक, होटगी रोड

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण विकणारा हे कधीच सांगत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, मॉनिटरला नसते. डॉकवाल्या मॉनिटरमध्ये लॅन, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क सगळं मॉनिटरच्या जिवावर असतं, तो क्षणभर जरी मिटला तरी लॅपटॉपच्या दृष्टीने कुणीतरी सगळ्या वायरी एकदम उपटल्या. मीटिंग तुटते ती वायफायवर परत जोडता येते, पण अर्धवट लिहिलेली डिस्क बिघडते. फॉरमॅट लगेच करू नका, आधी डिस्क थेट लॅपटॉपला लावून बघा, मग विंडोजचं एरर चेकिंग चालवा, बऱ्याचदा फाइली परत दिसतात. डेटा फार महत्त्वाचा असेल तर तेही न करता जाणकाराकडे न्या.

आता इन्व्हर्टर. घरगुती इन्व्हर्टरवर मागे किंवा समोर एक स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असेल तर मेनवरून बॅटरीवर जायला वेळ लागतो, पंख्याला ते कळत नाही, मॉनिटरला कळतं. यूपीएसवर टाका, बदल झटकन होतो. त्या मोडमध्ये व्होल्टेज जरा खाली-वर झालं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, तेव्हा उन्हाळ्यात व्होल्टेज डळमळतं तेव्हा बॅटरी जास्त खर्च होईल, तेवढं सोसा. लोडही मोजा, मॉनिटरचे स्वतःचे तीस-चाळीस वॅट आणि तो लॅपटॉपला देतो ते वरचे ६५ किंवा ९०, म्हणजे एका प्लगवर शंभराच्या आसपास किंवा पुढे. इन्व्हर्टरवर भागत नसेल तर छोटा कॉम्प्युटर यूपीएस घ्या. तरी माझा नियम एकच, पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क लॅपटॉपलाच लावायची, मॉनिटरला कीबोर्ड, माऊस, लॅन, बास.

मॉनिटरवरून कॉपी करायला फार वेळ लागतोय, थेट लॅपटॉपला लावलं की पटकन होतं. हब फसवा आहे का?
– एक वाचक, सात रस्ता

मी आत्ताच वर काय म्हणालो! पण कारण असं की टाइप-सीच्या वायरीत वेगाच्या चार लेन असतात. जुन्या लॅपटॉपवरून ४के ६० हर्ट्झ चालवायचं तर चारही लेन चित्रालाच जातात आणि यूएसबीला जुनी २.० ची वाट उरते, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, तीही कागदावर. काही मॉनिटरच्या मेनूमध्ये 'हाय रिझोल्युशन' का 'हाय डेटा स्पीड' असा पर्याय असतो, दुसरा निवडला की दोन लेन डेटाला मिळतात, पण लॅपटॉप जुना असेल तर ४के ३० हर्ट्झवर येतं. लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही थंडरबोल्टचे असतील तर ही भानगड नाही.

त्यापेक्षा ४३ इंची टीव्हीच लावला तर? स्वस्त पण पडतो.
– एक वाचक, नवी पेठ

सिनेमा बघायला लावा. हातभर अंतरावरून दिवसभर अक्षरं वाचायला नको, बऱ्याच टीव्हींवर रंगीत अक्षरांच्या कडा घाण दिसतात, मान उजवी-डावी करून दुखते, आणि टाइप-सी चार्जिंग, लॅन यातलं काही सहसा मिळत नाही, म्हणजे वायरी परत होत्या तेवढ्याच.

मी अकाउंट्सचं काम करते, एकीकडे टॅली एकीकडे एक्सेल. ३४ इंचाचा लांबुळका चांगला का ३२ चा?
– एक वाचक, बाळीवेस

तुम्हाला ३४. ताई, तो लांबीला जास्त असला तरी उंचीला २७ इंची एवढाच असतो, म्हणजे दोन विंडो शेजारी-शेजारी आरामात, मान वर करायला नको. टेबल मात्र मोजा, स्क्रीनच ८० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते आणि स्टँडचे पाय पुढे येतात, भिंतीला लागून असलेलं अरुंद टेबल असेल तर वह्या-व्हाउचर ठेवायला जागा उरत नाही. पूर्वी ३२ इंचावरच्या मॉनिटरला २८ टक्के जीएसटी होता म्हणून लोक ३२ वर थांबायचे, २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ झालाय, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

एम१ मॅकबुक एअरला दोन मॉनिटर एकाला एक जोडून लावता येतील का?
– एक वाचक, रेल्वे लाइन्स

नाही. एम१ एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो, आणि मॉनिटरला मॉनिटर जोडायची जी डिस्प्लेपोर्टची पद्धत आहे तिच्यात मॅक दोन्हीवर एकच चित्र दाखवतो. डिस्प्लेलिंक चिप असलेला वेगळा डॉक आणि त्याचं सॉफ्टवेअर टाकून दुसरा चालवता येतो, पण त्यापेक्षा एकच मोठा घ्या.

लॅपटॉपचं झाकण बंद करून फक्त मॉनिटरवर काम केलं तर चालतं का? मे महिन्यात फार तापतो.
– एक वाचक, अशोक चौक

चालतं, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग' निवडा. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो आणि बहुतेक मॉनिटरच्या माहितीत वापराची मर्यादा ४० अंशच लिहिलेली असते, पत्र्याच्या खोलीत तर दुपारी विचारूच नका. त्यामुळे झाकण उघडं ठेवलेलं बरं, काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटीतूनही हवा घेतात. मॉनिटर भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. कूलरचा झोत मात्र अंगावर घ्या, मॉनिटरवर नको, त्याच्यासोबत पाण्याचे तुषारही येतात.