ब्रिटनमध्ये विद्यापीठातल्या बोलण्यावर पाळत असते का? आणि आश्रयाची मुलाखत रेकॉर्ड कशासाठी करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा बर्मिंगहॅमला एमएस्सी करतोय. विद्यापीठातल्या एका निदर्शनाला तो गेला होता आणि आता कुणीतरी 'प्रिव्हेंटमध्ये', म्हणजे सरकारच्या दहशतवादविरोधी योजनेत, 'नाव जाईल' असं सांगून त्याला घाबरवलंय. त्याच्याच घरात राहणाऱ्या अफगाण मुलाने आश्रयाचा अर्ज केलाय आणि मुलाखत रेकॉर्ड होणार म्हणून त्याची झोप उडालीय. ही दोन्ही एकाच पाळतीची टोकं आहेत का, असं तुम्ही विचारलंय.

नाहीत. रेकॉर्डिंगची तर त्या मुलाने धास्ती घ्यायचं कारणच नाही. ते झालं नाही तर मात्र जरूर काळजी करावी.

मी मूळची सोलापूरची. इंग्लंडमध्ये नऊ वर्षं सॉलिसिटरांच्या, म्हणजे वकिलांच्या, ऑफिसांत हिंदी-उर्दूची दुभाषी म्हणून काम केलं, आणि आता एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या अडचणी बघायचं काम करते. तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यामुळे जवळून पाहिल्यात.

आधी रेकॉर्डिंग. ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्याची साधारण दोनदा विचारपूस होते. पहिली छोटी, अर्ज नोंदवताना: नाव, देश, कुठल्या वाटेनं आलात, थोडक्यात कारण काय. दुसरी खरी मुलाखत, कित्येक तास चालणारी. तिच्यावर सगळं ठरतं, कारण अशा माणसाकडे कागदोपत्री पुरावा फारसा नसतो. त्याचं बोलणं हाच पुरावा. समोरचा अधिकारी प्रश्न विचारतो, दुभाषी भाषांतर करतो, अधिकारी ते इंग्रजीत टाइप करतो. मागाहून नकार आला की त्या पत्रात बहुधा हेच असतं: अमुक प्रश्नाला तुम्ही हे म्हणालात, तमुक प्रश्नाला ते म्हणालात, दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

आता यातली गोम बघा. अधिकारी जे टाइप करतो ते अर्जदाराचं बोलणं नसतंच. ते दुभाष्याचं इंग्रजी असतं. अर्जदाराच्या तोंडचा एकही शब्द त्या कागदावर उरत नाही.

पूर्वी मुलाखतीत अर्जदाराचा वकील शेजारी बसायचा आणि चूक झाली तर तिथल्या तिथे टोकायचा. एप्रिल २००४ पासून प्रौढ अर्जदारांच्या मुलाखतीला वकिलाने बसण्यासाठी मिळणारा सरकारी कायदेसाहाय्याचा पैसा जवळजवळ बंद झाला. खोलीत उरले तिघं: सरकारचा अधिकारी, सरकारने आणलेला दुभाषी आणि अर्जदार. नोंद चुकली असं म्हणायला त्याच्याजवळ साक्षीदारच उरला नाही. वर्षभरात हे प्रकरण अपील न्यायालयात गेलं. एप्रिल २००५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की वकील नाही, स्वतःचा दुभाषी नाही, अशा अर्जदाराने मागणी केली तर मुलाखत टेप करू द्यायलाच हवी. नाहीतर ती प्रक्रिया न्याय्य ठरत नाही. होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं गृहखातं, टेपच्या विरोधात होतं. आज इमिग्रेशनच्या नियमांतच रेकॉर्डिंगची तरतूद आहे आणि त्याची प्रत अर्जदाराला मिळते. म्हणजे हा सरकारने लावलेला कान नव्हे. अर्जदारांनी भांडून मिळवलेला साक्षीदार आहे.

त्याची किंमत मला एका बाईमुळे कळली. ती पाकिस्तानातून आलेली, नाव-गाव सांगत नाही. नकाराच्या पत्रात तिच्यावर मोठा ठपका होता: आधी म्हणाली, भावाला उचलून नेलं, नंतर म्हणाली, चुलत भावाला नेलं, तेव्हा ही गोष्ट रचलेली आहे. ती माझ्यासमोर बसून नुसती म्हणत होती, 'मैंने तो एक ही बात कही थी.' सॉलिसिटरने रेकॉर्डिंग मागवलं, आम्ही हेडफोन लावून ऐकलं. ती दोन्ही वेळा 'चचाजाद भाई', म्हणजे चुलत भाऊ, म्हणाली होती, अगदी स्पष्ट. दुभाष्याने पहिल्यांदा घाईत नुसतं 'ब्रदर' म्हटलं आणि दुसऱ्यांदा 'कझिन'. टाइप केलेल्या कागदावर ती खोटारडी दिसत होती. तिचा आवाज ऐकल्यावर काही उरलंच नाही. ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नकाराविरुद्धची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, स्वतंत्र दुभाष्याकडून केलेलं भाषांतर जोडलं गेलं आणि त्या मुद्द्यावर न्यायाधीशांनी तिचं म्हणणं मान्य केलं.

असे खड्डे भाषेत जागोजागी असतात. उर्दूत 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही, 'परसों'चंही तसंच. आपल्याकडे काल आणि उद्या वेगळे, पण 'परवा' दोन्हीकडे चालतं, आणि 'अगदी परवा परवापर्यंत' म्हणताना आपण दिवस मोजत नसतो. ते कुणी शब्दशः 'दोन दिवसांपूर्वी' असं लिहून घेतलं तर? तुमच्या भाच्याच्या मित्राला तर पंचांगाचाही घोळ निस्तरावा लागेल. अफगाण सौर वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि त्याचा आकडा इसवी सनाच्या ६२१ किंवा ६२२ ने मागे असतो, महिना कोणता त्यावर अवलंबून. शके आणि इसवी सनाचा ७८ चा हिशेब आपण करतो तसाच, फक्त तो परक्या खोलीत, तणावाखाली, दुभाष्याच्या तोंडून करायचा. सन एकने चुकला की 'विसंगती'.

दोन ठिकाणी हे संरक्षण तोकडं पडतं आणि त्याचा मला मनापासून राग आहे. एक, पहिल्या छोट्या विचारपुशीत सहसा असं रेकॉर्डिंग नसतं. माणूस कधीकधी थेट प्रवासातून आलेला, उपाशी, भेदरलेला असतो. २००४ मध्ये ट्रायब्युनलने एका निवाड्यात म्हटलं होतं की त्या वेळी माणूस थकलेला असू शकतो, ती विचारपूस तपशील पडताळण्यासाठी नसते, हे ध्यानात ठेवा. तरीही नकाराच्या पत्रांत तिच्यातली वाक्यं काढून नंतरच्या मुलाखतीशी ताडून बघितलेली मी वाचली आहेत. दुसरं, फेब्रुवारी २०२३ मध्ये साचलेले अर्ज निकाली काढायला होम ऑफिसने अफगाणिस्तान, इरिट्रिया, लिबिया, सीरिया आणि येमेनच्या हजारो लोकांना मुलाखतीऐवजी प्रश्नावली पाठवली. ती इंग्रजीत भरायची, २० कामकाजाच्या दिवसांत. बऱ्याच जणांना त्यातून लवकर आश्रय मिळाला, हे खरं आणि चांगलंच झालं. पण ज्याला वकील मिळाला नाही त्याने ती कुणाकडून तरी भरून घेतली. तिथे कसला आवाज आणि कसलं काय.

आता विद्यापीठ. 'प्रिव्हेंट' हा ब्रिटनच्या दहशतवादविरोधी धोरणाचा एक भाग. ते धोरण २००३ मध्ये आखलं गेलं. ७ जुलै २००५ ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले, ५२ माणसं गेली, आणि हल्लेखोर ब्रिटनमध्येच वाढलेले निघाले. तिथून प्रिव्हेंटचं वजन वाढलं. २००९ च्या नाताळात डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात स्फोट करायचा प्रयत्न करणारा तरुण युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा माजी विद्यार्थी निघाला आणि सगळ्यांच्या नजरा विद्यापीठांकडे वळल्या. त्या विद्यापीठाने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीला तो तिथे शिकत असताना कट्टर झाल्याचा पुरावा सापडला नाही. पण धोरणाची दिशा ठरून गेली होती. २०१५ च्या कायद्याने शाळा, दवाखाने, तुरुंग यांच्याबरोबर विद्यापीठांवरही कर्तव्य घातलं: लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची योग्य दखल घ्या. त्याच कायद्यात विद्यापीठांनी भाषणस्वातंत्र्याचीही विशेष दखल घ्यावी, असं कलम आहे. ते कलम लोकांना माहीत नसतं. भाच्याला जरूर सांगा.

खरी अडचण आली 'अतिरेकी विचार' म्हणजे काय, इथे. २०११ च्या व्याख्येत लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्पर आदर अशा 'मूलभूत ब्रिटिश मूल्यांना' उघड विरोध म्हणजे अतिरेक. त्यात हिंसेची अट नव्हती. मग वक्त्यांच्या बाबतीत विद्यापीठांना सूचना गेल्या की धोका पूर्णपणे नाहीसा करता येईल अशी खात्री नसेल तर कार्यक्रम होऊ देऊ नका. मार्च २०१९ मध्ये अपील न्यायालयाने त्या सूचनेचा तो परिच्छेद बेकायदा ठरवला, कारण भाषणस्वातंत्र्याची बाजू त्यात नीट मांडलेलीच नव्हती.

शिक्षक किंवा कर्मचाऱ्याला कुणाबद्दल काळजी वाटली तर तो विद्यापीठातल्या जबाबदार माणसाला सांगतो. तिथून गरज वाटली तर ते पोलिसांकडे जातं, आणि त्यातली थोडी प्रकरणं 'चॅनेल' नावाच्या स्थानिक समितीपुढे येतात. तिथे मदत घ्यायची की नाही हे त्या माणसाच्या संमतीवर असतं. मार्च २०२३ पर्यंतच्या वर्षात ६,८१७ जणांची नावं कळवली गेली आणि चॅनेलने हाती घेतली ६४५ प्रकरणं. शिक्षणक्षेत्रातून येणारी बहुतेक नावं शाळांमधली असतात, विद्यापीठांचा वाटा लहान. नाव कळवलं जाणं म्हणजे अटक नव्हे, गुन्हा नव्हे. हे भाच्याला शांतपणे समजावून सांगा.

तरीही मला ही पद्धत खुपते, आणि ती का खुपते हे एका प्रसंगाने सांगते. एकदा एका सहकाऱ्याने लिहिलेलं टिपण माझ्याकडे आलं: विद्यार्थी अभिमानाने आपल्या घरातल्या 'मार्टर'बद्दल बोलतो, त्याच्यासारखं व्हायचंय म्हणतो. मला बोलावलं ते भाषा येते म्हणून. मुलाला भेटले. त्याचा मामा पेशावरकडे पोलिसात होता, अतिरेक्यांशी लढताना मारला गेला. मुलगा त्याला 'शहीद' म्हणत होता, दुसरं काय म्हणणार? आपण मुंबईत हुतात्मा चौक ओलांडतो तेव्हा कुणाच्या मनात काही वावगं येत नाही. पण तोच शब्द इंग्रजीत गेला आणि दहशतवाद्यांच्या हातून मेलेल्या पोलिसाचा भाचा दहशतवादाच्या टिपणात जाऊन बसला. ते टिपण पुढे गेलं नाही. मी त्या दिवशी रजेवर असते तर गेलं असतं का, हा विचार अजून मला सोडत नाही.

आश्रयाची मुलाखत आणि प्रिव्हेंट, दोन्ही गोष्टी एकाच होम ऑफिसच्या अखत्यारीतल्या, दोन्हीत माणसाच्या बोलण्याची नोंद होते. पण आश्रयाच्या मुलाखतीत त्या माणसाला कळतं की नोंद होतेय, त्याचे स्वतःचे शब्द तिथे असतात, प्रत त्याच्या हातात येते. प्रिव्हेंटच्या टिपणात शब्द दुसऱ्याचे, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो. २०२० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात एका शाळकरी मुलाचं प्रकरण आलं. प्रिव्हेंटमध्ये काहीच निष्पन्न झालं नव्हतं, तरी पोलिसांनी त्याची माहिती वर्षानुवर्षं ठेवली होती. ती तशी ठेवणं बेकायदा, असा निकाल लागला. त्याच्या घरच्यांनी धसास लावलं नसतं तर ती तशीच पडून राहिली असती.

आणि कधीकधी हे दोन रस्ते एकाच मुलाच्या आयुष्यात एकमेकांना छेदतात. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्यांपैकी सुमारे १६,००० जण आधी विद्यार्थी व्हिसावर होते. यावर तिथे सध्या फार संशयाने बोललं जातं. पण म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली किंवा काबूल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पडलं, तेव्हा तिथली मुलं ब्रिटनच्या वर्गांत बसलेलीच होती. ती आली तेव्हा घरी धोका नव्हता, नंतर झाला. अशा मुलाने विद्यापीठाच्या आवारात आपल्या देशाच्या राजवटीविरुद्ध केलेलं भाषण आश्रयाच्या अर्जात त्याच्या बाजूचा पुरावा ठरू शकतं. तेच भाषण कुणाच्या अर्धवट कानावर पडलं तर काळजीचं टिपणही होऊ शकतं. म्हणून तर कोण काय म्हणालं याची खरी, पूर्ण नोंद मला इतकी महत्त्वाची वाटते.

भाच्याने शांततेच्या निदर्शनाला जाणं हा काही गुन्हा नाही. मात्र २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी घातलेल्या संघटनांची यादी आहे. त्यांचा झेंडा, बिल्ला, टी-शर्ट यांपासून कटाक्षाने लांब राहायचं, तिथे 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटायची आशा धरू नये. मनात शंका असेल तर आपल्याबद्दल काय माहिती ठेवली आहे हे विद्यापीठाला लेखी विचारता येतं. माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं, काही अपवाद सोडून.

त्याच्या मित्राने पुढच्या गोष्टी कराव्यात. तारखा घरीच दोन्ही पंचांगांत लिहून काढाव्यात, नात्यांची नावं आपल्या भाषेत पूर्ण उच्चारावीत, छोटी वाक्यं बोलून दुभाष्याला वेळ द्यावा. मुलाखतीनंतर टाइप केलेली प्रत आणि रेकॉर्डिंग दोन्ही मागून घ्यावं आणि सॉलिसिटरबरोबर ताबडतोब ताडून बघावं. दुरुस्त्या कळवायला फार थोडे दिवस असतात. आणि सुरुवातीलाच अधिकारी विचारतो, दुभाष्याचं बोलणं समजतंय का? भिडेखातर हो म्हणणारे मी कितीतरी पाहिलेत. नीट समजत नसेल तर तेव्हाच, रेकॉर्डिंग चालू असताना, मोठ्याने 'नाही' म्हणायचं.