लाइट आली, फोटो गेले : घरच्या सर्व्हरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : छोट्या पीसीवर डेस्कटॉप उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून इमिच हे घरचे फोटो साठवायचं सॉफ्टवेअर चालवतो. फोटो २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर आहेत. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं की लाइट जाते. परत आल्यावर इमिच सुरूच होईना, 'डॉट इमिच' नावाची फाइल सापडत नाही म्हणे. ती फाइल हाताने बनवून दिली, तर सुरू झालं, पण जुन्या फोटोंच्या जागी नुसते राखाडी चौकोन. आता आतली एसएसडीही भरत चालली आहे. डिस्क गेली का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : डिस्क बहुतेक ठणठणीत आहे, फक्त भलत्या जागी माउंट झाली आहे, म्हणजे वेगळ्याच फोल्डरला जोडली गेली आहे. डेस्कटॉप उबंटूमध्ये यूएसबी डिस्क आपोआप माउंट होते ती तुम्ही लॉगिन केल्यावर. डॉकर लॉगिनसाठी थांबत नाही. कंपोज या डॉकरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दिलेलं फोल्डर सापडलं नाही, की तो त्याच नावाचं रिकामं फोल्डर एसएसडीवर तयार करून मोकळा होतो. मग तुम्ही लॉगिन करता तेव्हा ते नाव आधीच घेतलेलं असतं, म्हणून डिस्क 'फोटो'ऐवजी 'फोटो१' नावाने बसते. मीडिया फोल्डरमध्ये डोकावलंत तर दोन्ही शेजारीशेजारी दिसतील. ती डॉट फाइल या घोळासाठीच ठेवलेला राखणदार आहे. ती हाताने बनवून दिल्यामुळे इमिचने रिकामं फोल्डर खरं मानलं आणि तेव्हापासून घरातल्या मोबाइलचे नवे फोटो एसएसडीवर साठताहेत.

म्हणून ते फोल्डर 'रिकामंच आहे' असं समजून उडवू नका. आधी इमिचचे सगळे कंटेनर थांबवा. मग त्या फोल्डरमधला सगळा ऐवज, आतली फोल्डररचना जशीच्या तशी ठेवून, आर-सिंक या कमांडने खऱ्या डिस्कवर कॉपी करा. 'आधीपासून असलेल्या फाइलला हात लावू नको' हा पर्याय द्यायचा. डेटाबेसमध्ये या फोटोंची नोंद झालेली असते, त्यामुळे फाइल जागेवर पोचल्या की ते आपोआप दिसू लागतात.

आता कायमचा इलाज. 'एसआरव्ही' या सिस्टमच्या फोल्डरखाली 'फोटो' नावाचं फोल्डर करा. डिस्क जोडलेली नसताना चॅटर कमांडने त्याला 'आय' खूण लावा. या खुणेमुळे डिस्क नसेल तेव्हा त्या फोल्डरमध्ये रूटलासुद्धा (सगळे अधिकार असलेल्या यूजरलाही) काही लिहिता येत नाही, आणि डिस्क माउंट झाल्यावर मात्र काहीच अडत नाही. मग बीएलकेआयडी कमांडने डिस्कचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा ओळख क्रमांक) काढून एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, या फोल्डरसाठी ओळ घाला. एसडीबी, एसडीसी अशी नावं वापरू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय हवाच. नाहीतर डिस्कची केबल निघालेली असली तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं आणि त्याला मॉनिटर जोडायची वेळ येते. शेवटी सिस्टमडी या, लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये डॉकरच्या सर्व्हिसला 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' ही अट जोडून हे फोल्डर द्या आणि इमिचच्या एन्व्ह या सेटिंगच्या फाइलमधला अपलोडचा पत्ता बदला. कंटेनरच्या आतला पत्ता तोच राहतो, म्हणून डेटाबेसला धक्का लागत नाही.

एकदा मुद्दाम डिस्क काढून मशीन सुरू करा. डॉकर सुरू व्हायला नको. झाला, तर अट लागलेली नाही.

डिस्क विंडोजवर फॉरमॅट केलेली असेल, तर फोटो दुसरीकडे हलवून ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये करून घ्या. लाइट अचानक गेली की एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटवर 'डर्टी' अशी खूण राहते, आणि लिनक्सचा नवा ड्रायव्हर तशी डिस्क माउंट करायला नकार देतो.

प्रश्न : राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून सर्व्हरपर्यंत यायची वाट उघडली), तरी हिंजवडीतल्या ऑफिसातून घरचा सर्व्हर उघडत नाही. (वाकड)

उत्तर : राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, तिथे तुमच्या राउटरमध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही. १९२.१६८ने सुरू होत असेल, तर आधी फायबरचा डबाच राउटर म्हणून चालतोय का ते तपासा. त्याला ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून, काम होऊ शकतं.

सीजीनॅट असेल तर कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा स्वतःचा पत्ता) घ्या, नाहीतर टेलस्केल हे आपल्या उपकरणांचं खासगी नेटवर्क बनवणारं सॉफ्टवेअर वापरा. घरातली चार-पाच माणसं वापरणार असतील, तर आमचा कौल टेलस्केललाच. एकही पोर्ट उघडा ठेवावा लागत नाही. क्लाउडफ्लेअर टनेलही (त्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत घरापर्यंतची वाट) चालतो, पण त्याच्या मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल वर चढत नाही. फोटो जातात, लग्नाचा व्हिडिओ अडकतो, आणि माणूस दोष इमिचला देतो.

प्रश्न : ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का? (सहकारनगर)

उत्तर : १०-१५ वॉटचा मिनी पीसी आणि राउटर यांना वॉटच्या हिशेबाने भरपूर. पण आतली बॅटरी लहान असते, गुरुवारची काही तासांची लाइट ती काढणार नाही. सर्व्हर नीट बंद व्हायला वेळ मिळावा, एवढ्यासाठीच तो घ्यायचा. घेताना यूएसबी डेटा पोर्ट आहे ना, हे तापकीर गल्लीत दुकानातच खोका उघडून बघा. स्वस्त मॉडेलमध्ये तो नसतो, आणि मग बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळायला मार्गच उरत नाही. पोर्ट असेल तर यूपीएसवर लक्ष ठेवून सर्व्हर वेळेत बंद करणारं एनयूटी हे सॉफ्टवेअर टाका.

बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) 'लाइट आल्यावर सुरू हो' हा पर्यायही लावावा लागतो. त्यातही एक गोम आहे. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएस संपायच्या आधीच लाइट आली, तर पीसीच्या लेखी लाइट कधी गेलीच नाही, आणि तो तसाच बंद राहतो. यूपीएसला ते जमत असेल, तर शटडाउननंतर त्याचं आउटपुटही तोडायला एनयूटीला सांगा.

प्रश्न : पाय-होल (जाहिराती अडवणारा घरचा डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) बंद पडला की घरातलं नेटच बंद. दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ दिला तर जाहिराती परत येतात. (हडपसर)

उत्तर : येणारच. दुसरा डीएनएस राखीव असतो असं नाही. बरीच उपकरणं दोन्हीकडे वाटेल तेव्हा विचारतात. दुसरा पाय-होलच लावा, त्याला जुना रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर पुरतो. आणि कोथरूडच्या वाचकांसारखी डॉकरला डिस्कची अट घातली असेल, तर पाय-होल डॉकरमध्ये ठेवू नका. डिस्क रुसली की घरभर नेट जाईल.